पत्राच्या दिवशी जहाज कुठे होतं

पीएच.डी.चा विषय घेऊन मी पहिल्यांदा सरांकडे गेले, तेव्हा त्यांनी माझा कागद वाचलाच नाही. वरची एक ओळ पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही?"

"मोखाडा तालुका, सर. पाड्यावर राहतो आम्ही."

"म्हणजे आदिवासी."

मी हो म्हटलं.

"मग तुमच्या समाजावर का नाही करत? लग्नाचे विधी, भिंतीवरची चित्रं, नाच. केवढं मटेरियल घरात पडलंय तुमच्या. हे आखातातलं चिमुकलं संस्थान, इंग्रजांचं आरमार, तेलाचे करार, याच्याशी तुमचा काय संबंध?"

माझ्या पिशवीत दोन वर्षांच्या टिपणांच्या तीन वह्या होत्या. त्या बाहेर काढायला हात गेला आणि तिथंच थांबला. आमच्या पाड्यावर शहरातून माणसं येतात, माझ्या मावशीसमोर रेकॉर्डर धरून तिला लग्नातली गाणी म्हणायला लावतात, दोन दिवसांत निघून जातात. तुमचा या गाण्यांशी काय संबंध, असं त्यांना कधी कोणी विचारत नाही. हे सगळं मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी फक्त म्हटलं, "माझे वडील तिथे कामाला होते, सर."

"तेलाच्या कंपनीत?"

"पाईपचे चर खणायला."

सर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मग सही केली. त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती आणि माझ्याकडे सरकारी फेलोशिप होती, हे सहीचं खरं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं.

बा तरुणपणी भात झोडून झालं की भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर जायचा. तिथल्या मुकादमानं एका वर्षी विचारलं, बाहेरदेशी येतोस का, खणायचं काम आहे. बा आमच्या भागातल्या आणखी काही जणांबरोबर गेला. एका बाजूला समुद्र आणि तीन बाजूंना वाळू, असा तो देश. पासपोर्ट पहिल्याच दिवशी ठेकेदारानं काढून घेतला. दोन वर्षांहून जास्त काळ बा तिथे चर खणत होता आणि पाईप उतरवत होता. परत आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही, आईच्या मागे लपले.

त्यानं सांगितलेलं फार थोडं होतं, पण तो सांगायचा तेव्हा नेमकं सांगायचा. "तेलाच्या देशात व्हतो, पन तेलाचा थेंब नाय बघितला. पाईप बघितला. वरून हात लावला तं गरम." किनाऱ्यावर एक जुना बुरूज होता, त्याच्यावर गंजलेल्या दोन तोफा. सुट्टीच्या दिवशी ही माणसं त्या बुरुजाच्या सावलीत बसायची. तिथल्या राखणदारानं हिंदीत सांगितलं होतं की तोफा इंग्रजांच्या आहेत. बाला त्यातली एकच गोष्ट खटकली होती. "त्या तोफा दर्याकडं नव्हत्या गं. गावाकडं तोंड करून व्हत्या."

"का?"

"मला काय ठावं. मी चर खनायला गेल्तो."

मी शिकत गेले, आश्रमशाळेतून जव्हारच्या वसतिगृहात आले, इतिहास घेतला, एम.ए. केलं. तरी ते "का" माझ्या डोक्यातून गेलं नाही. माझा विषय त्याच्यातून आला. त्यासाठी मला कोणाची परवानगी हवी होती असं मला वाटत नाही.

आता तो विषय थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरून झालं.

इंग्रजांना हिंदुस्थान हातात ठेवायचा होता, आणि हिंदुस्थानला येणाऱ्या समुद्राच्या वाटेवर तो किनारा होता. म्हणून तिथल्या एकेका छोट्या शेखाला त्यांनी आपल्या संरक्षणाखाली घेतलं. आमच्या जव्हारलाही गादी होती, राजा होता आणि राजाच्या वर इंग्रजांचा साहेब होता, त्यामुळे संरक्षण या शब्दाचा अर्थ मला कोशात बघावा लागला नाही. बा गेला होता तिथल्या शेखाकडून आधी लिहून घेतलं की समुद्रात लढाई करणार नाही. मग लिहून घेतलं की दुसऱ्या कुठल्या राज्याशी बोलणार नाही. मग, की कोणाला जमीन देणार नाही. पुढे लढाऊ जहाजं कोळशाऐवजी तेलावर चालवायचं ठरलं, तेव्हा तेलाची पाळी आली. शेखानं लिहून दिलं की माझ्या मुलखात तेल निघालंच, तर तुम्ही सांगाल त्याच्याशिवाय कोणालाही देणार नाही. त्या वेळी तिथे तेलाची विहीर नव्हती. तेल काढायची कोणाला घाईही नव्हती. दुसऱ्याला मिळू नये, याची घाई होती.

पुस्तकांत लिहिलेलं असतं की शेखांनी ही पत्रं राजीखुशीनं दिली. मला ते पटत नव्हतं, आणि नुसतं पटत नाही एवढ्यावर इतिहास लिहिता येत नाही.

मी तेव्हाही जव्हारच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, आजही शिकवते. तास झाले की जीपनं पाड्यावर. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत मुंबईच्या दफ्तरखान्यात बसायचं, मुक्काम ठाण्याला मावसबहिणीच्या खोलीत. काही फायली परदेशातल्या एका ग्रंथालयानं इंटरनेटवर टाकल्या होत्या. त्या मी जव्हारच्या एसटी स्टँडवर उभी राहून मोबाईलवर उतरवून घ्यायचे, कारण पाड्यावर रेंज फक्त वरच्या टेकाडावर येते. एका उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बायका त्या टेकाडावर माझ्या शेजारी हंडे ठेवून बसायच्या. एकीनं विचारलं, "काय वाचतीस एवढं?"

"जुन्या जहाजांचे अहवाल."

"ऐकलंत का," ती बाकीच्यांना म्हणाली, "हंड्याला पानी नाय, न् ही जहाजं वाचतीय."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

ते अहवाल म्हणजे मुंबईहून निघालेली सरकारी जहाजं कुठल्या दिवशी कुठे नांगर टाकून होती, याच्या नोंदी. रटाळ वाचन. नाव, बंदर, तारीख, पुन्हा नाव, बंदर, तारीख. एक दिवस कंटाळून मी जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर उभी रेघ मारली. डावीकडे जहाज, उजवीकडे शेखाची पत्रं. पहिलं पत्र लिहिलं गेलं, त्या दिवशी तोफांचं जहाज शेखाच्या बंदरात होतं. योगायोग म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या पत्राच्या दिवशीही होतं. तिसऱ्याच्याही. मी एकेक पत्र घेत गेले आणि एकेक वेळी जहाज तिथे उभं. पत्र निघालं की दोन-तीन दिवसांत जहाज नांगर उचलायचं. शेखाचं घर अगदी पाण्यावर होतं, हे एका नकाशात दिसत होतं. म्हणजे तो खिडकीशी बसून राजीखुशीचं पत्र लिहीत असणार, तेव्हा समोर काय दिसत असणार! त्या संध्याकाळी आई जेवायला हाका मारत होती आणि मी ओटीवर नुसती बसून होते. राग आणि आनंद एकाच वेळी होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

एकच ओळ रिकामी राहिली. नेमकी तेलाच्या पत्राची. त्या दिवशी बंदरात जहाज नव्हतं. जहाज आलं होतं ते पत्रानंतर महिन्यानं.

सरांनी त्याच सुमाराला निरोप धाडला, आतापर्यंतचं काम पाठवा. मी सगळा तक्ता टाईप करून पाठवला, रिकाम्या ओळीसकट. खाली लिहिलं की ही एक ओळ मला समजत नाही, अजून तपासते आहे.

चूक माझी होती. शेखाच्या पत्रांवर हिजरी महिने असतात. आपल्या जुन्या मराठी कागदांतही तेच महिने येतात, रबिलावल, रबिलाखर. मोडीच्या वर्गात मी ते पाठ केले होते. आणि मी त्यातच चुकले. कारकुनाच्या घाईच्या अक्षरात मी दुसरा रबी पहिला म्हणून वाचला होता. मूळ फाईल पुन्हा मागवली, भिंग घेऊन पाहिलं, तारीख महिन्यानं पुढे सरकवली. तेलाचं पत्र लिहिलं गेलं त्या दिवशी जहाज बंदरात होतं. एक सोडून दोन होती.

मी त्याच आठवड्यात सरांना दुरुस्त तक्ता मेल केला. विषयाच्या जागी लिहिलं, "महत्त्वाची दुरुस्ती". उत्तर आलं नाही. फोन केले. त्यांनी उचलले नाहीत. एकदा त्यांच्या पत्नीनं उचलला आणि सांगितलं, सर फार कामात आहेत, चर्चासत्राची तयारी चालली आहे.

ते चर्चासत्र जव्हारला होतं.

शहरातल्या प्राध्यापकांना जव्हार आवडतं. हवा थंड आहे, आणि प्रत्येक जण तिथे उतरला की पहिलं वाक्य म्हणतो, हे तर मिनी महाबळेश्वर. चर्चासत्राचा विषय होता छोटी संस्थानं आणि इंग्रजी सत्ता. मला आनंद झाला होता. माझ्या विद्यार्थ्यांना मी आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं, वह्या घेऊन या, प्रश्न काढून आणा. आदल्या दिवशी आयोजकांचा निरोप आला की मुलींनी नाचाच्या पोशाखात यावं, उद्घाटनाला तारप्याच्या सुरावर नाच ठेवला आहे. एका मुलीनं तीन प्रश्न लिहून आणले होते. ती नाचली, मग कपडे बदलायला गेली, परत येईपर्यंत पहिलं सत्र संपलं होतं. तिचे प्रश्न मी नंतर वाचले. चांगले होते.

पाहुणे सकाळी शिरपामाळच्या टेकडीवर फोटो काढायला गेले होते, त्यामुळे सगळं दीड तास उशिरा सुरू झालं. मी बाला बोलावलं होतं. तो कामाला होता त्या देशाबद्दल सर बोलणार, असं मी त्याला सांगितलं होतं. त्यानं धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, मोखाड्याहून जीपनं आला आणि मागच्या रांगेत टोकाला बसला. चहाच्या वेळी मी सरांशी ओळख करून दिली.

"अरे वा, तुमचे वडील!" सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय बाबा, तारपा वाजवता का?"

"नाय," बा म्हणाला. "मी पाईप टाकायचो."

सरांना ते लक्षात नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि ते दुसऱ्या कोणाकडे वळले.

मग त्यांचा निबंध. पडद्यावर चित्रं येत गेली. समुद्र, बुरूज, शेखाचं तैलचित्र. आणि मग माझा तक्ता आला. डावीकडे जहाज, उजवीकडे पत्र. मी निवडलेली अक्षरं, मी दिलेले मथळे, ओळींचा क्रमही माझाच. माझं नाव कुठे नव्हतं. मला वाटलं, शेवटी सांगतील. पण सरांनी त्यातली एक ओळ पिवळी केली होती. तेलाची. रिकामी.

"ही ओळ," ते म्हणाले, "हा माझा मुख्य शोध. बाकी वेळी जहाज असेल, आपण मान्य करू. पण सर्वांत मोठी सवलत, तेलाची, शेखानं दिली तेव्हा बंदरात एकही युद्धनौका नव्हती. म्हणजे ही सवलत त्यानं आपणहून दिली. आपण दबाव, दडपशाही असे शब्द फार सहज वापरतो. हे संबंध सहकार्याचेही होते. लहान राज्यांना शहाणपण नसतं असं मानणं, हाच खरा त्यांचा अपमान."

टाळ्या वाजल्या. मागे वळून पाहिलं तर बासुद्धा टाळ्या वाजवत होता, कारण सगळे वाजवत होते.

मी उभी राहिले.

"सर, ती पिवळी ओळ चुकीची आहे."

सरांनी हसून पाहिलं. "बाळ, आपण जेवताना बोलू."

"ती चूक आहे हे मला माहीत आहे, कारण ती मी केली. महिना रबिलाखर आहे, मी रबिलावल वाचला. तुम्हाला दुरुस्ती मेल केली होती. त्या दिवशी दोन जहाजं होती, सर."

कोणीतरी म्हणालं, प्रश्न थोडक्यात विचारा. मी म्हटलं, माझा प्रश्न नाही, माझा तक्ता आहे.

सत्राच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, दुसऱ्या विद्यापीठातल्या. मी त्यांना तोवर कधी भेटले नव्हते. त्यांनी सरांना शांतपणे विचारलं, "मूळ फाईल आपण पाहिली होती?"

"फाईल माझ्या विद्यार्थिनीनं पाहिली. मार्गदर्शन माझं."

"म्हणजे आपण पाहिली नाही."

"संशोधन हे संयुक्त असतं, मॅडम."

"मग पडद्यावर एकच नाव का आहे?"

सर पाणी प्यायले. बाईंनी मला मोबाईलवरचा मेल दाखवायला सांगितलं. मी पुढे जाऊन दाखवला. त्यांनी तारीख मोठ्यानं वाचली आणि म्हणाल्या, जेवणानंतर या निबंधावर चर्चा होणार नाही, दुरुस्त होऊन येईल तेव्हा होईल. बस, एवढंच. कोणी ओरडलं नाही, कोणी माफी मागितली नाही. जेवणात नागलीच्या भाकरी होत्या, आणि पाहुणे त्यांचे फोटो काढत होते.

सर मला गाडीजवळ भेटले. आवाज खाली होता. "तू मला चार लोकांत खाली बघायला लावलंस. तुझं रजिस्ट्रेशन माझ्याकडे आहे, हे लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे, सर."

"तुझ्यासारख्या मुलींना आम्ही वर आणायचा प्रयत्न करतो, आणि तुम्ही लोक हे असं करता."

तुम्ही लोक. मी आजवर बरेच अपमान गिळले आहेत. आश्रमशाळेत माझ्या बोलीला हसले, वसतिगृहात माझ्या डब्याला हसले, एम.ए.च्या वर्गात कोणीतरी माझ्या गुणांचं कारण माझ्या दाखल्यात शोधलं. पण हे मला गिळता आलं नाही. मी म्हटलं, "वर तुम्ही नाही आणलंत, सर. माझं टाईप केलेलं तुम्ही वर नेलंत. पडद्यावर." आणि मला रडू आलं. भांडण चालू असताना रडू यावं याचा मला इतका संताप आला, की मी पाठ फिरवून चालत सुटले ती थेट स्टँडपर्यंत.

बा माझ्या मागे आला होता. बाकावर शेजारी बसला. मग म्हणाला, "त्यानं काय चोरलं?"

मी सांगितलं. जहाज, पत्र, रिकामी ओळ. त्याच्या भाषेत सांगितलं, आणि तेव्हा पहिल्यांदा माझा विषय त्याच्यापुढे पुरता उघडला. त्यानं नीट ऐकलं.

"म्हंजे तेल नव्हतं, तरी लिहून घेतलं?"

"हो."

"न् समोर जहाज?"

"दोन."

"मंग तो सर आपनहून दिलं का म्हनतो?"

"कारण त्याला फाईल बघायला वेळ नव्हता, बा."

"आमचा मुकादम पन म्हनायचा, तुमी आपनहून आलात." तो थुंकला. "पासपोर्ट त्याच्या पेटीत व्हता."

मी विद्यापीठाकडे लेखी तक्रार केली. समिती बसली. मला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा एसटीनं पहाटे निघून गेले, दोन्ही वेळा दुपारपर्यंत बाकावर बसवलं. समितीतल्या एका गृहस्थानं विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय? मी म्हटलं, तक्ता माझा आहे असं लिहून हवंय. ते म्हणाले, तक्ता म्हणजे काय, दोन रकाने. कोणीही करेल. मी विचारलं, मग इतकी वर्षं कोणी का केला नाही? त्यांनी ते टिपून घेतलं नाही. अहवाल आला तो असा, की मार्गदर्शक आणि विद्यार्थिनी यांच्यात संवादाचा अभाव होता, सबब मार्गदर्शक बदलून द्यावा. संवादाचा अभाव! उचललेला माल, आणि त्याला नाव संवादाचा अभाव.

अध्यक्ष बाईंनी मला आपल्याकडे घेतलं. नवं रजिस्ट्रेशन, नव्या परीक्षा, पहिलं पान पुन्हा पहिल्यापासून. फेलोशिपची मुदत त्या भानगडीत संपून गेली. तोपर्यंत लिहिलेलं सगळं मी पुन्हा लिहिलं, आणि खरं सांगायचं तर ते आधीपेक्षा कठोर झालं. बाई प्रत्येक प्रकरण परत पाठवायच्या. "राग दिसू दे," त्या म्हणायच्या, "पण तारखेच्या मागे उभा राहू दे." शेखाच्या एका पत्राचा, पत्राच्या आधीच्या तारखेचा मसुदा इंग्रज अधिकाऱ्याच्या फाईलीत सापडला, पेन्सिलीच्या दुरुस्त्यांसकट, तो याच काळात. सरांकडे राहिले असते तर तो त्यांच्या पडद्यावर गेला असता.

प्रबंध सादर झाला, तोंडी परीक्षा झाली. ऋणनिर्देशाच्या पानावर मी बाबद्दल लिहिलं होतं, की त्यानं त्या किनाऱ्यावर पाईप टाकले. त्याला वाचून दाखवलं, तर तो रागावला. "मी एकल्यानं टाकले का? बाकीच्यांची नावं लिव." त्यानं तिथेच बोटं मोजत नावं सांगायला सुरुवात केली, आमच्या बाजूची माणसं, कोणी वारलेली, कोणी अजून भट्टीवर जाणारी. एक जण तिकडंच राहिला, त्याची माती तिकडंच झाली, हे बानं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी पान पुन्हा छापून घेतलं.

सरांचं पुस्तक त्याच वर्षी आलं. मी ते जव्हारला एका सहकाऱ्याकडे पाहिलं. तक्ता आहे. पिवळी ओळ दुरुस्त झाली आहे, दोन्ही जहाजं जागेवर आहेत. सिद्धांत मात्र तोच, फक्त आता असं लिहिलं आहे की जहाजं सदिच्छा भेटीला आली होती. प्रस्तावनेत आभार आहेत, "आदिवासी भागातील एका विद्यार्थिनीचे, माहिती गोळा करण्यात मदत केल्याबद्दल". नाव नाही. मी ते पान तिथेच बंद केलं.

पुढच्या वर्षी ते पुस्तक आमच्या अभ्यासक्रमाच्या संदर्भयादीत आलं. म्हणजे मला ते शिकवायचं होतं. मी सुट्टी टाकायचा विचार केला, मग केला नाही. वर्गात पुस्तक घेऊन गेले, तक्त्याचं पान उघडलं, फळ्यावर उभी रेघ मारली. डावीकडे जहाज, उजवीकडे पत्र. सगळं सांगितलं, अगदी माझ्या चुकीसकट. मुलं ऐकत होती. ही मुलं भात लावणीला घरी जातात आणि उन्हाळ्यात ठाण्याकडे कामाला. कोणाच्या समोर काय उभं असतं तेव्हा कागदावर अंगठा उठतो, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

तास संपताना मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं? सदिच्छा भेट का दबाव?"

तिचा प्रश्न बरोबर होता. उत्तरपत्रिका आमच्याकडे तपासत नाहीत, शहरात जातात. कोण तपासतं ते कळत नाही. सरांचं पुस्तक वाचून पास झालेलं कोणीतरी तपासत असणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली, तिच्यावर नाही, या मुलांना खरं कळल्यावरही खोटं लिहायचं की नाही हे विचारावं लागतं, त्याच्यावर.

"दबाव लिहा," मी म्हटलं. "जहाजांची तारीख लिहा, पत्राची तारीख लिहा, आणि मग दबाव लिहा. गुण कापले तर माझ्याकडे या. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मी भरून देईन."

अभ्यास मंडळाला मी पत्र पाठवलं आहे, मूळ फाईलीच्या छायाप्रती जोडून. त्याचं उत्तर आलेलं नाही. त्या मुलीनं दबाव लिहिलं आणि तिचे त्या प्रश्नाचे गुण गेले. तिचा अर्ज मी गेल्या सोमवारी भरला, मोखाड्याच्या पोस्टातून रजिस्टर केला. पावती माझ्याकडे आहे. निकाल यायचा आहे.